पहिल्या रकान्यातलं नाव

त्या घरात कागदपत्रं म्हणजे सरांचं खातं. गॅसचा अर्ज असो, शाळेचा प्रवेश असो, सर पेनाचं टोपण काढायचे आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. बायकोचं काम एवढंच, की शेवटच्या पानावर ते बोट ठेवतील तिथे सही ठोकायची. चौदा वर्षांत तिने एकही फॉर्म वाचून सही केली नव्हती. नवऱ्याने भरलेला कागद वाचायला मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, अशी त्या घरची समजूत. आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते सोयीचंच होतं.

ती वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर. बियाण्यावर कोणती बुरशी धरते आणि का धरते, हा तिचा विषय. सासरी या पदवीचं कौतुक कमी आणि थट्टाच जास्त. "आमच्याकडे डॉक्टर आहे, पण ताप आला तर उपयोग शून्य," असं सासरे पाहुण्यांना सांगायचे, पाहुणे हसायचे आणि पोहे वाढता वाढता तीही हसायची.

सातव्या अर्जाला परदेशातल्या एका विद्यापीठाने होकार दिला. दोन वर्षांची संशोधकाची जागा, शिवाय घरच्यांना सोबत नेता येणार. सर एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी बिनपगारी रजा टाकली, तेव्हा काय मोठं मन, असं सगळे म्हणाले. तिलाही तसंच वाटलं. त्या भरात तिने त्यांचे अकरा शर्ट स्वतः इस्त्री करून बॅगेत भरले. तिच्या पदवीच्या वेळी सरांनी असं काय केलं होतं, हे मात्र तिला आठवूनही आठवेना.

शाळेने सरांचा निरोप समारंभ केला. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "आपले सर आता परदेशात संशोधन करणार!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. पहिल्या रांगेतून तिने नवऱ्याकडे पाहिलं. सर मान खाली घालून हातातल्या फुलांकडे बघत होते. मुख्याध्यापकांची चूक चारचौघांत कशी दुरुस्त करणार, असं तिने स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात ती तरबेज होती.

नव्या देशात घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. छत एका बाजूने इतकं उतरतं, की खिडकी उघडायची तर गुडघे टेकायला लागायचे. विजेच्या शेगडीच्या चार तव्यांपैकी दोनच तापायचे, आणि कपाटाचं दार ओढलं की हातात यायचं. ते कपाट आडवं लावून त्यांनी अकरा वर्षांच्या लेकीला मागे एक खोली करून दिली. पहिले तीन आठवडे लेक शाळेतून आली की दप्तर आपटायची आणि कपाटामागे जाऊन बसायची. चौथ्या आठवड्यात तिच्या बाकावर एक मुलगी येऊन बसली, आणि मग घरात त्या मुलीशिवाय दुसरा विषय नव्हता.

प्रयोगशाळा तळघरात. ओल्या टिपकागदावर बियाणं मांडलेल्या काचेच्या दोनशे बशा, आणि रोज सकाळी एकेक बशी भिंगाखाली धरून कोणत्या दाण्यावर काय उगवलंय ते टिपायचं. वैताग आणणारं काम. पण तिला त्याने माहेरी आल्यासारखं वाटायचं. इथे तिने काही सांगितलं की लोक वहीत लिहून घ्यायचे. तापाचा विनोद कुणी करत नव्हतं.

सर लेकीला शाळेत सोडायचे, सामान आणायचे, स्वयंपाक करायचे. चांगला करायचे, त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. फक्त तिकडून कुणाचा फोन आला की "जरा कामात आहे, नंतर बोलतो," म्हणायचे आणि कुकरखालची शेगडी बंद करायचे, शिटी ऐकू जाऊ नये म्हणून.

तिघं आले होते तीन महिन्यांच्या तात्पुरत्या परवान्यावर. पुढचा लांब मुदतीचा परवाना यायचा होता तो सरांनी निघण्याआधी भरून पाठवलेल्या फॉर्मवर. दहाव्या आठवड्यात विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाईने तिला बोलावून घेतलं.

"विद्यापीठाच्या पत्रावर तुमचा परवाना आलाय. घरच्यांचा मात्र या फॉर्ममुळे नामंजूर झालाय."

बाईने फॉर्म पुढे सरकवला. घर कोणाच्या नोकरीवर चालतं, असं पहिल्या रकान्यात विचारलं होतं. तिथे सरांच्या वळणदार अक्षरात सरांचं नाव, पुढे शाळेचं. अवलंबून असलेल्यांच्या रकान्यात पत्नी आणि मुलगी. खाली दोघांच्या सह्या, तिची जरा घाईत केलेली.

"ज्यांच्यावर घर चालतं त्यांची नोकरी तुमच्या देशात. मग त्यांनी आणि मुलीने इथे का राहायचं, असं परवानावाले विचारतात," बाई म्हणाली. "नाव बदलून पाठवा म्हणून आम्ही दोनदा कळवलं हो. फॉर्मवरच्याच ईमेलवर. आता मुदत गेली. दोघांना तीन आठवड्यांत परत जावं लागेल, आणि तिकडून नवा अर्ज. आठ-नऊ महिने धरा."

ईमेल सरांचा होता.

तिचे विभागप्रमुख भला माणूस. त्यांनी आधी चहा दिला आणि मग सांगितलं, की ती परत गेली तर जागा यादीतल्या दुसऱ्या माणसाला द्यावी लागेल. शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणाले.

घरी सर कांदा चिरत होते.

"ईमेल आले होते?" तिने दारातूनच विचारलं.

सुरी थांबली. "आले होते."

"दोन?"

"दुसरा नुसता आठवण करून द्यायला होता."

"अहो, मग नाव का नाही बदललंत?"

"बदललेल्या फॉर्मची प्रत शाळेतही द्यावी लागली असती, रजेच्या अर्जाला जोडून. स्टाफरूममध्ये दहा जणांच्या हातातून जाते ती." सरांनी कांदा ताटात सारला. "बायकोवर अवलंबून, असं लिहू? आणि खाली माझी सही? म्हटलं, जाईल चालून."

"मी चौदा वर्षं केलीच ना तशी सही?"

"तुझी गोष्ट वेगळी."

तिला राग आला. नवऱ्याचा तर आलाच. पण त्याहून जास्त स्वतःचा. मोहरीएवढ्या दाण्यावरची बुरशी भिंगाने शोधणारी ही बाई, आणि स्वतःच्या संसाराचा कागद तिने डोळे मिटून सोडून दिला होता.

"सगळेच परत जाऊ," सर हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा बघू तुझं."

"तुझं" या शब्दावर ती अडली. लेकीच्या जन्माच्या वेळी पुन्हा बघू, सासूबाईंच्या आजारपणात पुन्हा बघू. हे पुन्हा बघणं तिने खूप बघितलं होतं.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

कपाटामागून लेक बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "मी पण नाही जाणार," ती म्हणाली, आणि तिला जावंच लागेल हे कळल्यावर विमानतळापर्यंत आईशी एक अक्षर बोलली नाही. तिथे आईने जवळ घेतलं तर लाकडासारखी उभी राहिली.

नवा फॉर्म तिने स्वतः भरला, तीनदा वाचला आणि सरांच्या सहीसाठी पाठवून दिला. महिना झाला, दोन झाले. विचारलं की सर म्हणायचे, "करतो गं, परीक्षा चालू आहेत."

एका रविवारी थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "भावोजींचं खरंच कौतुक हो! पोरीचं मन तिथे रमेना म्हणून एवढी मोठी जागा सोडून आले. शाळेने सत्कार केला त्यांचा. आणि तू कधी येतेस?"

तिला हसूच फुटलं. मग हसू आटलं, आणि तिने लगेच लेकीला फोन लावला.

"फॉर्मवर बाबांनी सही केली का गं?"

"नाही. टेबलावरच आहे."

"त्यांना म्हणावं, उद्याच्या उद्या करा. आणि हे बघ, बाबांनी काही सोडलेलं नाही. जागा माझी होती, अजून आहे. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे गं," लेक म्हणाली, लहान पोराची समजूत काढावी तशा आवाजात. "पण इथे तसं बोलायचं नसतं. बाबांना शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी सगळ्यांना सांगते, आईला तिथेच आवडतं. तू सुट्टीत आलीस ना, तर तू पण तेच सांग." मग ती म्हणाली, "नसेल जमत तर नको येऊस."

मागे कुकरची शिटी झाली. कुणी शेगडी बंद केली नाही.

"सांगशील ना?"

"बरं," ती म्हणाली.