सलूनवाल्याचा अंगठा

कात्रीत खरी मेहनत अंगठ्याची. बाकीची बोटं नुसती मानपानाला बसलेली. तीस वर्षं इमानेइतबारे राबलेला सलूनवाल्याचा हा अंगठा दुखू लागला, तेव्हा त्याने दोष दिला कात्रीला. आधी धार लावून आणली, मग नवी घेतली, मग त्याहून हलकी. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शेवटी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या कानावर झुबका तसाच राहिला आणि तो भला माणूस "असू द्या, टोपी घालीन," म्हणाला, तेव्हा मात्र याने दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा मुठीत धरायला सांगून मनगट जरा वाकवलं. सलूनवाला कळवळला.

"काका, मोबाइलवर काय करता?"

"विशेष काही नाही. फुगे फोडायचा एक खेळ आहे."

"किती वेळ?"

"तीन... साडेतीन तास."

"मग बरोबर. अंगठ्याच्या मुळाशी सूज आलीय. कात्री पोटासाठी आहे, ती बेताने चालू द्या. फुगे बंद."

दुकान वाचलं म्हणून त्याने खरं तर सुटकेचा निःश्वास सोडायचा. पण पठ्ठ्या मनगटाला पट्टा बांधून तोंड पाडून घरी आला. कारण तो खेळायचा ताईशी. ताई राहायची प्रवासाने दोन दिवसांच्या अंतरावर. वडिलांच्या कपाटावरून दोघांत नऊ वर्षं अबोला होता. मग एके दिवशी तिच्याकडून खेळाचं आमंत्रण आलं, आणि याने मुकाट्याने पहिला फुगा फोडला. माफी कुणी मागितली नाही, फोन कुणी केला नाही. ती जिंकली की जीभ काढलेलं तोंड पाठवायची, आणि त्या एका तोंडावर याचा दिवस छान जायचा. आता खेळ सोडला तर तिला वाटणार, स्वारी पुन्हा रुसली.

तीन दिवस तो खेळला नाही. पहिल्या दिवशी तिचा निरोप आला, 'घाबरलास?' दुसऱ्या दिवशी, 'बरा आहेस ना?' तिसऱ्या दिवशी काहीच नाही. मग मात्र त्याला राहवेना. दुपारी दुकान रिकामं होतं. त्याने मोबाइल आरशाला टेकवला, स्पीकर लावला आणि फोन केला.

"ताई, डॉक्टरांनी खेळ बंद केलाय. अंगठा दुखावलाय माझा. मी रुसलो बिसलो नाहीये हं!"

 पलीकडे ताई हसायलाच लागली.

"अरे वेड्या, माझा अंगठा तर दोन महिन्यांपूर्वीच गेला कामातून! पट्टा बांधलाय."

"मग खेळत होतीस कशी?"

"नाकाने."

"म्हणजे दोन महिने मी तुझ्या नाकाकडून हरतोय?"

"एकवीस डाव," ताई ऐटीत म्हणाली.

सलूनवाला हसत हसत गिऱ्हाइकाच्या खुर्चीतच बसला. हसू ओसरल्यावर म्हणाला, "पण एवढा खटाटोप कशाला? सांगायचंस ना मला."

"खेळ थांबला असता, तर तू बोलला असतास माझ्याशी?"

त्याने आरशाला टेकवलेला मोबाइल उचलून जवळ घेतला. त्याला फार बरं वाटत होतं.

"उद्या याच वेळेला फोन करतो," तो म्हणाला.

"उद्याचं उद्या बघू," ताई म्हणाली. "आत्ता ठेवू नकोस."