चार्जरवर राहिलेल्या बॅटऱ्या

शनिवारी दुपारी सत्यम तापानं आडवा पडला. लातुरात पुनमच्या स्टुडिओत लाइट धरणारा, बॅगा उचलणारा, गर्दी मागं सारणारा असा तो एकटाच माणूस. रविवारी दाट लग्नतिथ. दुसरं कुणी मिळायची आशा नव्हती. पुनमनं दोन-चार ठिकाणी फोन लावून पाहिले आणि शेवटी अंगणात कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बापाला विचारलं, उद्या माझ्यासोबत येता का.

नरसिंगनं विचार केल्यासारखं केलं. पाइपातलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, भरून खाली वाहायला लागलं. मग म्हणाला, बघू. पण संध्याकाळ व्हायच्या आत तो न्हाव्याकडं जाऊन आला होता आणि ठेवणीतल्या सफारीला इस्त्रीही करून आणली होती.

जळकोटला बसस्टँडसमोर त्याचा स्टुडिओ होता. तालुक्यातली लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, नव्या नोकरीला लागलेल्यांचे पासपोर्ट फोटो, सगळे त्याच्याच हातून जायचे. पुढं रोल गेले, डिजिटल आलं. मग घरोघर मोबाइल आले आणि फोटो काढून घ्यायला स्टुडिओत जावं लागतं हेच लोक विसरले. एक दिवस नरसिंगनं शटर ओढलं आणि बायकोला घेऊन लातूरला लेकीकडं आला. पोरीनं धंदा पुढं नेला याचं त्याला सुख होतं. तिच्या कॅमेऱ्याची निम्मी बटणं आपल्याला कळत नाहीत, हे तो कुणाला सांगत नसे.

रविवारचं लग्न पंचशीलाच्या लेकीचं होतं. पंचशीला मूळची जळकोटची. तिच्या लग्नाचे फोटो नरसिंगनंच काढले होते. आता ती नांदेडला मास्तरीण होती, पण लेक बुद्धप्रियाचं लग्न आपल्या सासरच्या गावीच करायचं तिनं ठरवलं होतं. गाव देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. फोटो नरसिंगभाऊंच्या घरचेच पाहिजेत, असं तिनं फोनवर दोनदा बजावलं होतं.

बॅग भरायचं काम नरसिंगनं मागून घेतलं. पुनम म्हणाली, मी भरते की. तर म्हणाला, मग मी येऊन करू काय? जेवणं झाल्यावर तो चटईवर सगळं मांडून बसला. दोन्ही कॅमेरे पुसले, लेन्सा मऊ फडक्यानं हळूच फिरवून पुसल्या, फ्लॅश, वायरी, लाइटची छत्री, सगळं ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवलं. बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या होत्या, पण हॉलमधला प्लग ढिला होता. म्हणून चार्जर स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी लावून आला. पहाटे निघताना त्यानं बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. पुनम हात पुढं करत होती, पण दिली नाही.

गावात पोचले तेव्हा मंडपात खुर्च्या मांडणं चालू होतं. स्टेजवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन्हींना ताजे हार. पंचशीला पदर सावरत लगबगीनं सामोरी आली. नरसिंगला बघून तिचा चेहरा एकदम जळकोटच्या शाळकरी पोरीसारखा झाला. भाऊ, तुम्ही लई बारीक झालात, म्हणाली आणि चहा सांगायला आत पळाली.

पुनमनं बॅग उघडली. कॅमेरा काढला, खालचं झाकण उघडलं, बंद केलं. दुसरा काढला, त्याचंही झाकण उघडलं. मग बॅगेचा एकेक कप्पा चाचपायला लागली. नरसिंग शेजारीच उभा होता. ती काय शोधतेय हे त्याला कळलं.

"पप्पा, बॅटऱ्या?"

त्यानं मंडपाच्या कडेला जाऊन घरी फोन लावला. बायकोनं, साखराबाईनं, स्वयंपाकघरात जाऊन बघितलं आणि सांगितलं, हायत की इथंच, मिक्सरपाशी, हिरवा दिवा लागलाय चारींचा. देगलूरच्या एस.टी.त कंडक्टरजवळ देऊ का, असंही तिनं विचारलं. पण ती गाडी पोचेपर्यंत नवरी सासरी गेली असती.

पुनम ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "असू द्या पप्पा, होतं असं." लहानपणी तिच्या हातून फोटोची काच फुटली होती तेव्हा नरसिंगनं हेच शब्द, याच आवाजात वापरले होते. लहान लेकरासाठीचा आवाज होता तो. नरसिंगला तो आतवर लागला.

व्हिडिओवाला मुलाकडचा होता. त्याचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, त्याच्या बॅटऱ्या पुनमच्या कॅमेऱ्याला बसेनात. पुनमनं देगलूरच्या ओळखीच्या फोटोग्राफरांना फोन लावले. सगळे कुठल्या ना कुठल्या मांडवात अडकलेले. तेवढ्यात नरसिंग म्हणाला, सिद्धरामकडं जाऊन बघू. कोण सिद्धराम, तिनं विचारलं. गाडीत सांगतो, म्हणाला.

देगलूर फार लांब नव्हतं, पण तेवढ्या वाटेत त्यानं जे सांगितलं ते पुनमनं कधी ऐकलं नव्हतं. जळकोटला दुकान टाकायच्या आधी नरसिंग देगलूरला कासिमचाचांच्या स्टुडिओत काम शिकला होता. तो आणि सिद्धराम, दोघं एकाच वयाचे. दिवसभर चाचांची बोलणी खायची, डार्करूमच्या लाल उजेडात कागद धुवायचे आणि रात्री त्याच खोलीत वळकट्या पसरून झोपायचं. चाचा गेल्यावर स्टुडिओ सिद्धरामनं चालवायला घेतला. पुढं बरीच वर्षं नरसिंग फोटोचा कागद आणि धुवायची औषधं न्यायला देगलूरला यायचा, तेव्हा गाठ पडायची. रोल बंद झाले तसं देगलूरला यायचं कारणच उरलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं जाणं-येणं थांबलं.

"हाय का न्हाई तेबी ठाऊक न्हाई मला," नरसिंग खिडकीबाहेर बघत म्हणाला.

स्टुडिओच्या जागी झेरॉक्सचं दुकान होतं. बाहेर ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील अशी पाटी. आत सिद्धरामची सून उज्वला कॉम्प्युटरपाशी बसलेली. नरसिंगनं नाव सांगितलं, तशी ती उठून आतल्या दाराशी गेली आणि तिनं सासऱ्याला हाक मारली. आतून एक टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस बनियनवरच बाहेर आला. क्षणभर बघत राहिला.

"नरस्या," तो म्हणाला. "मला वाटलं, गेलास."

"मलाबी तसंच वाटलं होतं."

दोघंही हसले. पुनमनं अडचण सांगितली. सिद्धरामनं तिचा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला आणि मान हलवली, याची बॅटरी माझ्याकडं कुठली! पण आत जाऊन तो स्वतःचा कॅमेरा घेऊन आला. जुना, जाडजूड डिजिटल, कडेचं रबर निघालेला. पासपोर्ट फोटोसाठी अजून रोज वापरात होता. लेन्स एकच. बॅटरीही एकच, आणि तीही म्हातारी. पुनमच्या पर्समधलं मेमरी कार्ड मात्र त्याला बसलं.

तिनं हात पुढं केला, तसा सिद्धरामनं कॅमेरा छातीशी धरला. "ह्यो लई हट्टी हाय पोरी. मधीच रुसतो. मी सोबत येतो." आणि सुनेला दुकान बघ म्हणून सांगून, शर्ट अंगात घालत घालतच तो गाडीत येऊन बसला. आतून त्याची बायको गंगम्मा कानडीत काहीतरी ओरडून विचारत होती. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

मंडपात परत आले तोवर माणसं भरली होती. पांढरी साडी नेसलेली बुद्धप्रिया मैत्रिणींच्या घोळक्यातून स्टेजकडं निघाली होती. पुनमनं कॅमेरा डोळ्याला लावला, दोनचार फोटो काढले आणि बॅटरीची रेघ खाली घसरलेली बघून हात खाली घेतला. एरवी बोट दाबून धरायचं आणि हजार फोटोंतून शंभर निवडायचे, अशी तिची सवय. आज ते चालणार नव्हतं. तिनं चपला काढल्या, स्टेजच्या कडेनं पुढं गेली आणि गुडघ्यावर बसून वाट बघायला लागली.

गर्दीची बाजू दोन्ही म्हाताऱ्यांनी धरली. नरसिंग एका अंगाला छत्री आणि लाइट घेऊन उभा, सिद्धराम दुसऱ्या अंगाला मोबाइल उंच धरून पुढं घुसणाऱ्या पोरांना आवरत. "ए राजा, मागं हो. फुडं तुझं डोस्कंच येतंय फोटूत." त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. शेवटच्या गाथा चालू झाल्या तसं नरसिंगनं लेकीकडं बघितलं. फुलांच्या पाकळ्या उडायला लागल्या तरी ती थांबलेलीच. आता दाब, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तो बोलला नाही. बुद्धप्रियानं वर बघितलं, एक पाकळी तिच्या गालाला चिकटली, ती हसली, आणि त्याच क्षणी पुनमनं बटण दाबलं. नरसिंगनं दाबलं असतं त्याच्या बरंच नंतर. तो फोटो त्यानं पुढं पाहिला, तेव्हा आपलं घाई करणं चुकलं असतं हे त्याला मान्य करावं लागलं.

जेवणं चालू असताना सिद्धराम बॅटरी घेऊन आचाऱ्याच्या तंबूत गेला आणि जनरेटरच्या वायरीला सोबत आणलेला चार्जर लावून तिथंच राखणीला बसला. नंतर सगळ्या घराचा एक मोठा फोटो झाला. नरसिंगनं खुर्च्या मांडल्या, म्हाताऱ्यांना पुढं बसवलं, लेकरांना खाली सतरंजीवर. पंचशीलाला त्यानं लेकीच्या उजव्या हाताला उभं केलं. ती म्हणाली, "भाऊ, माझ्या लग्नात आईला तुम्ही हितंच उभं केलं होतं." तिची आई आता नव्हती. पुनमनं दोन फोटो काढले, आणि बॅटरी संपली.

काही राहून गेलंच. वरातीचे फोटो झाले नाहीत, नवरीच्या मेंदीचे जवळून काढायचे ते झाले नाहीत. पुनमनं पंचशीलाला खरं काय ते सांगून टाकलं. पंचशीला म्हणाली, जे आले ते पुष्कळ झाले, आणि तिघांच्या ताटात आग्रहानं आणखी एकेक गुलाबजाम वाढला.

सिद्धरामला सोडायला देगलूरला गेले, तर गंगम्मा हटूनच बसली, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. चहा होईपर्यंत पुनम मागच्या खोलीत डोकावली. ही जुन्या स्टुडिओची खोली. समोरच्या भिंतीवर रंगवलेला पडदा तसाच होता: तळं, पायऱ्या, दोन बदकं आणि वर जरा मोठाच झालेला चंद्र. रंगाचे पोपडे उडाले होते. पासपोर्टवाल्यांसाठी त्याच्यावरून पांढरं कापड ओढायची सोय केलेली. तिनं विचारलं, हा कुणी रंगवला?

"कुणी म्हंजे?" सिद्धराम म्हणाला. "ह्यानंच की. बदकं माझी, बाकी समदं ह्याचं."

नरसिंग दारात येऊन उभा राहिला. त्याला हे आठवतच नव्हतं. तो जवळ गेला, चंद्राच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूहळू आठवायला लागलं. पावसाळ्याचे दिवस होते, गिऱ्हाईक नव्हतं. चाचांनी शिडी आणून दिली होती. चंद्र केवढा काढू म्हणून त्यानं विचारलं, तर चाचा म्हणाले होते, बडा निकालो मियाँ, कंजूसी नक्को. आणि ते खाली खुर्चीवर बसून दिवसभर, आणखी बडा, आणखी बडा, म्हणत राहिले होते. सांगता सांगता नरसिंग हसायला लागला. सिद्धराम चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसला.

पुनमनं खोलीतला लाकडी बाक ओढून पडद्यासमोर ठेवला. बॅटरी उज्वलानं आल्या आल्या चार्जिंगला लावली होती. तिच्यात थोडा जीव आला होता. पुनमनं दोघांना बसा म्हटलं. ते बसले, हात गुडघ्यांवर, पाठी ताठ, आयुष्यभर गिऱ्हाइकांना बसवत आले तसे. नरसिंगच्या सफारीची कॉलर एका बाजूला मुडपली होती. सिद्धरामनं कॉलरकडं न बघताच हात वर नेऊन ती सरळ केली आणि हात परत गुडघ्यावर ठेवला.

"हलू नका," पुनम म्हणाली. हलत तर कुणीच नव्हतं.

निघताना सिद्धरामनं कॅमेरा पिशवीत घालून पुनमच्या पुढं केला. ती घेईना. मग त्यानं तो परत घेतला आणि म्हणाला, बरं, मग तुमीच येत जा.

गाडी उदगीरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना हरभरा काढणीला आला होता. पुनम गाडीत नेहमी गाणी लावायची, आज लावली नाहीत. नरसिंगनं आपण होऊनच सांगायला सुरुवात केली, डार्करूममध्ये एकदा साप निघाला होता तेव्हाचं. दिवा लावला तर कागद खराब होणार, आणि न लावला तर साप कुठं गेला हे कळणार नाही. चाचा बाहेरून ओरडत होते, दिवा लावू नको, दिवा लावू नको. एवढं सांगून तो थांबला.

"मग?" पुनमनं विचारलं.

नरसिंग सीटवर सरसावून बसला आणि पुढचं सांगायला लागला.