चव कालच्यासारखीच

चॉकलेटच्या कारखान्यात तिला सगळे जीभबाई म्हणत. सव्वीस वर्षं रोज सकाळी दहाला ती चाखणीच्या खोलीत बसायची, कोमट पाण्याने चूळ भरायची, कालच्या मालाचा एक तुकडा तोंडात घोळवायची, मग आजच्याचा, आणि फॉर्मवर लिहायची, चव कालच्यासारखीच. पगार त्याचाच होता म्हणा ना.

यंदा मात्र तक्रारींनी वैताग आणला. लहानपणीची चव गेली, मेण खाल्ल्यासारखं लागतं, अशी पत्रं रोज पडायची. साहेब म्हणाले, लोकांची वयं झाली, चॉकलेट तेच आहे. जीभबाईने मान डोलावली. दोन वर्षांपूर्वी घरी तीही हेच बोलली होती.

तिचा नवरा शिंपी. मधुमेही, पण पथ्याला पक्का. वर्षातून एकदा, वाढदिवसाला, कारखान्यातल्या चॉकलेटचा एकच तुकडा खायचा आणि त्याची वाट महिनाभर आधीपासून बघायचा. त्या वर्षी तुकडा तोंडात ठेवून म्हणाला, हे ते नाही गं. झालं, बाईंचा पारा चढला. एवढ्या वर्षांची जीभ, आणि तिला हा कात्री चालवणारा शिकवणार? औषधांनी तुमचं तोंड बिघडलंय, असं तिने ठणकावून सांगितलं.

"असेल बुवा. तुला जास्त कळतं," तो म्हणाला. पुढच्या वाढदिवसाला त्याने तुकडा घेतलाच नाही. आता या तोंडाला काय कळणार, म्हणाला. तीन महिन्यांनी तो गेला. तेव्हापासून जीभबाईला ना रडू येत होतं, ना भूक लागत होती. कामावर मात्र ती वेळेवर यायची.

आज नव्या केमिस्टबाईंनी थंड कपाटाच्या तळातून सहा वर्षांपूर्वीचा नमुना शोधून काढला आणि आजच्या मालाशेजारी ठेवला. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

जुना तुकडा जिभेवर अलगद विरघळला. आजचा टाळूला चिकटून बसला. शेंबड्या पोरालाही कळेल एवढा फरक. मग साहेबांनी घसा खाकरून कबूल केलं. कोकोचं लोणी दर दोन-तीन महिन्यांनी कणभर कमी करत आणलं होतं, कणभरच. कालच्याहून आज कधीच वेगळं लागलं नव्हतं.

"पण कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" केमिस्टबाईंनी विचारलं.

"आलं होतं. आमच्या घरी."

"मग त्यांनाच बोलवा ना चाखायला."

"ते गेले," जीभबाई म्हणाली. "आपलंच तोंड बिघडलंय असं समजून गेले. मीच तसं सांगितलं होतं."

जीभबाईने चूळ भरली, फॉर्म पुढे ओढला आणि हाताच्या सवयीने लिहिलं, चव कालच्यासारखीच. ते खोडायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.