उन्हातली धाकटी

"हात आहेत का दगड?" रोपवाला ओरडला. मिरचीच्या रोपांचा अख्खा ट्रे जमिनीवर उपडा पडला होता आणि त्याची धाकटी लेक नुसती बघत उभी होती.

"बोटं वळत नाहीत, बाबा."

"काल वळत होती, आज काय झालं? चार ट्रे हलवले नाहीत तोवर रडगाणं सुरू!"

सावलीच्या जाळीखाली वाढलेलं रोप एकदम शेतात गेलं तर मान टाकतं. म्हणून विकायच्या आधी त्याला रोज थोडं थोडं ऊन दाखवायचं, आणि ऊन चढलं की परत आत घ्यायचं. ही सगळी ने-आण धाकटीकडं. ट्रे आत जायचे, ती मात्र बाहेरच्या वाफ्यात खुरपायला बसायची. माती अशी तापलेली असायची की बूड टेकवत नसे.

थोरली आत, जाळीखाली बी टोचायला. आई गेल्यावर बापानंच कामं अशी वाटून दिली होती. थोरली गोरी, घटकाभर उन्हात गेली की लालबुंद व्हायची. तिच्यासाठी मोठी टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि शहरातून आणलेलं उन्हाचं मलम. धाकटी चांगली काळीभोर. तिचं काही आणायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट गिऱ्हाईक आलं की तो छाती फुगवून सांगायचा, "ही माझी वाघीण! हिला ऊन काय करतंय? ऊनच हिला टरकून असतं." गिऱ्हाईक हसायचं, धाकटीही हसायची, आणि त्या भरात दोन ट्रे जास्तच उचलायची.

आरडाओरडा ऐकून थोरली बाहेर आली. "बाबा, तिला बोलू नका. तिचे केस मी विंचरते, मूठमूठ हातात येतात. संध्याकाळी अंगात कणकण असते. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"का म्हणून?"

"वाघिणीला ताप येत नाही म्हणाली."

सांडलेली रोपं गोळा करायचं कुणालाच सुचलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला खिडकीशी बसवलं आणि तिची हनुवटी उजेडाकडं वळवली. "गालावरचं हे कधीपासून आहे?"

"कुठं काय आहे?" बापानं मान पुढं काढली. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर कातडी जास्तच काळवंडून खरबरीत झाली होती.

"गोऱ्या तोंडावर हे लाल दिसतं, दारातनंच कळतं. हिच्या तोंडावर कळायला जवळ येऊन बघावं लागतं. घरात कुणी बघितलं नाही?"



रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी समजावून सांगितलं. शरीर स्वतःशीच भांडत बसतं, असा हा आजार. "तुमच्यामुळं झालेला नाही. पण ऊन लागलं की भडकतो, आणि असाच भडकत राहिला तर किडनीपर्यंत जातो. अजून गेलेला नाही, नशीब म्हणा. गोळ्या कायमच्या. ऊन बंद. बाहेर पडावंच लागलं तर टोपी, पूर्ण बाह्या, मलम."

"काळ्या कातडीलाही मलम लागतं?"

"कातडी कुठल्याही रंगाची असो, उन्हानं पोळतेच, दादा."

त्यातलं 'तुमच्यामुळं नाही' हे त्याच्या कानाआड गेलं. बाकीचं मात्र आत जाऊन बसलं. रोपांना किती ऊन सोसेल हे आपण बोटांवर मोजत आलो आणि पोरीला खुशाल भाजत ठेवलं, तेही कौतुक करून. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

परतीच्या बसमध्ये त्यानं कसंबसं विचारलं, "मला सांगायचं नाही होय गं?"

"काय सांगू? चारचौघांत एवढं कौतुक करायचात." धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं तेवढं एकच कौतुक व्हायचं, बाबा."

त्यानं उठून तिला आतल्या बाजूला बसवलं आणि खिडकीचं ऊन स्वतःच्या अंगावर घेतलं. तेवढ्यानं काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी ट्रे त्यानंच बाहेर काढले. आत आला तर धाकटी मलमाच्या ट्यूबशी झटत होती, बोटांनी झाकण फिरेना.

"आण इकडं."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मातीनं राठ झालेले हात धुऊन आला होता. कपाळ, नाक, गाल, मग मान. पोरीनं डोळे मिटून घेतले होते. कानाच्या पाळीखाली त्याचं बोट थबकलं. तिथं मसुराएवढा काळसर डाग होता.

"हे नवीन उठलंय का गं?" त्यानं विचारलं. "बाईंना दाखवलंस का हे? कधीपासून आहे?"

धाकटीनं डोळे उघडले नाहीत.

"जन्मापासून, बाबा."