पायऱ्या चढणारी गाडी

थांबा जरा, मी बोलतेय, नगरपालिकेची कचरागाडी. ट्युनिशियातल्या एका डोंगरी गावात माझा जन्म झाला. आमच्या जुन्या वस्तीत रस्ते नाहीत, नुसत्या पायऱ्या. कचरा वाहणारी गाढवं थकली, तेव्हा नगरपालिकेतल्या इंजिनियर रौदाने मला घडवलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं, एकाच आसाभोवती फिरणारी. एक पायरीला अडलं की दुसरं फिरून वरच्या पायरीवर पडतं.

पहिल्याच फेरीत माझा आस मोडला. ज़ोहरामावशींच्या पावभट्टीपुढे सगळा कचरा सांडला. नगराध्यक्ष मुन्सिफ लालबुंद झाले. "बंद करा हा खेळ! लोक हसतायत." माझी रवानगी कोठारात झाली. रौदा मात्र सुट्टीच्या दिवशी यायची आणि खटपट करत बसायची. जाड आस बसवून तिने मला पुन्हा उभं केलं.

मग राजधानीहून हयामबाई आल्या. कोणत्या नगरपालिकेत नवं काही करण्याची धमक आहे, हे त्या पारखत होत्या. जिच्यात असेल, तिला आपल्या मनासारखं काम करायला निधी मिळणार होता. मुन्सिफनी त्यांना चकचकीत संगणक दाखवले.

"छान. पण इथे कधी काही फसलंय का?" बाईंनी विचारलं.

"छे! आमच्याकडे काही फसतच नाही."

"म्हणजे काही करूनच बघत नाही म्हणा की!"

दाखला न्यायला आलेल्या ज़ोहरामावशी दारातूनच म्हणाल्या, "फसत नाही कसं? ती गाडी माझ्या भट्टीपुढे भडाभडा ओकली, ते विसरलात होय?"

मुन्सिफ ओशाळले. रौदा हळूच म्हणाली, "साहेब, ती आता चढते. सुट्टीच्या दिवशी दुरुस्त केलीय मी."

निधी गेलाच, असं शेजारच्या कोठारात ऐकताना मला वाटलं. पण मुन्सिफनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "चला. मीच ढकलतो."

भरल्या पोटाने मी भट्टीपर्यंत चढले, एक पान न सांडता. मुन्सिफ धापा टाकत होते.

"हे काम रौदाला सुट्टीच्या दिवशी का करावं लागलं?" बाईंनी विचारलं.

"मी करू दिलं नाही म्हणून."

"आणि पुन्हा मोडली तर?"

"तर कचरा मी भरीन. रौदा दुरुस्त करील."

बाई खळखळून हसल्या. निधी मिळाला. रौदाला स्वतःची कार्यशाळा मिळाली, मला धाकट्या बहिणी झाल्या.

आज शेजारच्या गावचे मिस्त्री पाने-पकडी घेऊन माझ्यापुढे उकिडवे बसलेत. बघा, खुशाल खोला मला. तुमच्या पायऱ्या वेगळ्या असतील, तर चाकंही वेगळी करा. माझी हुबेहूब नक्कल तेवढी करू नका.