बावीस दिवस लागलेले दिवे

मी एक जुनी गोबरगॅसची टाकी आहे, मित्रांनो. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमागे, चिंचेच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. मला भेटायला कुणी येत नाही, आणि आलेच तर नाक दाबून येते. म्हणून आज मीच बोलायचे ठरवले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नुसती पाण्याची टाकी होते. मला खरे काम दिले ते अक्षताने. शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी कबनूरची. तिचे वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला. लाइट गेली की माग बंद आणि वडील दारात हातावर हात ठेवून बसलेले, हे बघतच ती मोठी झाली होती. वीज कशी तयार करतात ते शिकायचेच, असे तिने तेव्हाच मनाशी ठरवले होते. शेण आणि मेसमधले उष्टे यांच्यापासून वीज करायची, हा तिचा प्रकल्प. तिने माझ्यात एक लहान टाकी पालथी घातली, नळ्या जोडल्या आणि भंगारातला एक छोटा जनरेटर दुरुस्त करून शेजारी मांडला. शेण आणायचे काम कॉलेजचे सफाई कामगार केरबामामा आपणहून करत. रोज सकाळी सायकलला बादली अडकवून ते गवळ्याकडून शेण आणत आणि माझ्या तोंडात ओतताना म्हणत, "खा बाई, पोरीचं नाव काढ."

मी खात गेले. महिनाभराने पालथी टाकी गॅसने हळूहळू वर उचलली गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि सुरू झाला, तसे भिंतीवरचे सहा दिवे लागले. अक्षता हसता हसता रडली. केरबामामांनी दिव्यांना हात जोडले. तेवढे सुख माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

विभागप्रमुख अमरसिंह सरांनी तिला शब्द दिला होता. सलग तीस दिवस गॅस मोजून दाखव, मग मेससाठी मोठी टाकी बांधू आणि ते काम तूच करायचेस. अक्षता रोज सकाळी सातला येऊन माप घेई. असे बावीस दिवस झाले.

मग, परतल्यावर माप एकदम घेईन असे म्हणून, ती गावातल्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी दोन दिवस घरी गेली, आणि नेमके तेव्हाच कॉलेजची तपासणी करणारी समिती येणार असल्याचे कळले. मेसमागे वास येता कामा नये, असे सरांनी केरबामामांना बजावले. मामांनी वीस वर्षे त्या कॉलेजचा कानाकोपरा घासला होता. वास घालवायचा म्हणजे काय करायचे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी मला बाहेरून ब्रशने लख्ख केले आणि फिनेलच्या दोन अख्ख्या बाटल्या माझ्या तोंडात ओतल्या.

मित्रांनो, गॅस मी करत नव्हते. मी नुसते भांडे. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहत होते, शेण खाऊन गॅस तेच करत. मरताना त्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर सहाही दिवे लागले. साठलेला गॅस होता ना! टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. ते दिवे मेलेल्यांच्या कमाईवर जळत होते, हे एकालाही ठाऊक नव्हते.

अक्षता परतली तेव्हा पालथी टाकी तळाला टेकली होती. तिने माझ्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि मामांना हाक मारली.

"मामा, ह्यात कुणी फिनेल वतलंय?"

"मीच की. लई वास मारत हुता. का गं?"

तिने माझ्या अंगावरून हात फिरवला. मग म्हणाली, "काय न्हाय मामा. जरा पोट बिघडलंय तिचं."

उरलेल्या दिवसांचे आकडे अंदाजाने भर, असे सर म्हणाले. तिने आठ वेळा शून्य लिहिले. कारणाच्या जागी 'टाकीत फिनेल गेले' एवढेच लिहिले. कुणी ओतले, ते लिहिले नाही. नव्याने सुरुवात करायला तिने चाळीस दिवस मागितले, पण समिती येऊन गेली होती. मोठी टाकी झाली नाही. अक्षता पुण्याला भलत्याच नोकरीवर गेली. माझी पालथी टाकी मेसवाल्यांनी पाणी भरायला नेली.

पुढच्या वर्षी दोन मुले माझ्या कट्ट्यावर बसून तिचा अहवाल उतरवत होती. एकाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि फिनेलने गॅस करणारे जीव मरतात, असे दुसऱ्याला समजावले. मागे झाडणाऱ्या केरबामामांचा झाडू थांबला. ते तिथेच खाली बसले.

त्या दिवसापासून ते रोज बादलीभर शेण माझ्यात घालतात. बोलत मात्र नाहीत. माझ्या पोटात पुन्हा जीव धरला आहे. गॅस होतो, पण तो धरून ठेवायला वर टाकीच नाही, म्हणून होतो तसा हवेत जातो.

मित्रांनो, काहीही धुण्याआधी त्याच्या पोटात कोण राहते, ते एकदा विचारत जा. आणि पुण्यात कुठे अक्षता भेटली तर तिला सांगा, मामांना सगळे कळले आहे, आणि मला फक्त एक झाकण हवे आहे.