बायकोच्या सीटवर बसलेला टायर

त्या दिवशी सकाळपासून भुरभुर लागली होती. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. रस्ता नुसता तुकतुकीत झाला होता, कुणी तेल चोपडून ठेवल्यासारखा. अशा हवेत शहाणी माणसं घरात बसतात. आमच्या मास्तरांनी गाडी काढली.

मी टायर बोलतोय. मागचा, डाव्या बाजूचा. सध्या आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंच्या अंगणात आडवा पडलोय. पोटात पुदिना लावलाय आणि त्या पुदिन्यावर त्यांची मांजर झोपते. मला आता कुठे जायचं नाही, तेव्हा सावकाश सांगतो. मी काही शिकलेला नाही. अंगभर अक्षरं आणि आकडे आहेत, पण त्यातलं एकही मला वाचता येत नाही. माणसांना येतं, तर ती वाचत नाहीत. सगळा घोटाळा तिथेच झाला.

माझा जन्म साच्यातला. अंगाला चटके, वरून दाब, आणि बाहेर पडलो तेव्हा अंगावर रबराचे बारीक बारीक केस. माणसाच्या बाळासारखंच मलाही उलटंपालटं करून बघितलं, पण ‘कुणावर गेलाय’ असं कुणी विचारलं नाही. शेजारी हुबेहूब माझ्यासारखे चारशे पडले होते.

तिथून आम्ही चौघे भाऊ आलो ते टेलरमास्तरांकडे. मास्तरांनी नुकतीच एक गाडी घेतली होती. लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. आधी कुणीतरी हौस भागवून सोडून दिलेली. तिच्यात बसायला वाकावं लागायचं आणि उतरायला कुणाचा तरी हात लागायचा. मास्तरांना वाटायचं आपण तिच्यात रुबाबदार दिसतो. कुणी त्यांना काही बोललं नाही. लोक चांगले असतात.

आता मास्तरांचा स्वभाव सांगतो. चांगली वस्तू त्यांच्याने वापरवत नाही. उत्तम कापड हाती आलं की घडी घालून कपाटात. ‘ठेवणीतलं आहे,’ म्हणायचे. घरातले चांगले कप ठेवणीतले, चांगली चादर ठेवणीतली, आणि गाडीही ठेवणीतली. आठवड्यातून एकदा, रविवारी, चार गल्ल्या फिरवून आणायची की झालं. एरवी तिच्यावर कोटाच्या अस्तराचं झाकण, कडेने पायपिंग लावून शिवलेलं. आम्हा चौघांनाही टोप्या शिवल्या होत्या. वर दर शनिवारी पॉलिश. बघणारे विचारायचे, “मास्तर, टायर कालच घातले का?” मास्तरांची छाती दोन इंच फुगायची, आणि त्यांना ते दोन इंच मोजताही यायचे.

मी मात्र टोपीखाली वाळत होतो. रबराला चालणं लागतं. उभं करून ठेवलं की ते आतून कडक होत जातं, कुणाला न सांगता. वरून नक्षी कोरीच्या कोरी.

खरं तर मास्तरांना हे कळायला हवं होतं. एकदा त्यांनी खणात दहा वर्षं जपलेलं इलास्टिक व्यायामशिक्षकांच्या पँटला लावलं. नवं कोरं, पांढरंशुभ्र इलास्टिक. शाळेच्या बक्षीस समारंभात गुरुजी टाळ्या वाजवायला उठले, आणि इलास्टिकने राम म्हटला. टाळ्या फार वेळ चालल्या म्हणतात. मास्तरांनी दोष दिला तो गुरुजींच्या पोटाला.

हां, तर ती भुरभुर. गाडीत मास्तर आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको. सगळी गल्ली तिला मास्तरीण म्हणते. वेग फार नव्हता. गल्लीच्या वळणावर मास्तरांनी स्टिअरिंग फिरवलं आणि मी घसरलो. सरळ सांगतो, मीच. रस्ता धरायला गेलो, पण धरायला अंगात नरमपणा हवा ना! गाडीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, नर्सबाईंचं बुटकं कुंपण मोडलं आणि त्यांच्या शेवंतीत पाठमोरी जाऊन बसली. मग मास्तरीण किंचाळली. अशी की झाडावरचे पक्षी दुसऱ्या गल्लीत राहायला गेले.

कुणाला खरचटलंही नव्हतं. थोडा वेळ नुसते वायपर हलत होते. मग मास्तर पहिलं वाक्य बोलले, “तू किंचाळलीस म्हणून माझा पाय ब्रेकवर पडला.”

“मी?”

“नाहीतर काय मी?”

मास्तरीण शेवंतीतून वाट काढत चालत घरी गेली.

एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले! महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट ऐकवली. गिऱ्हाईक हात पसरून उभं, छातीला टेप गुंडाळलेली, पळणार कुठे? बघता बघता गल्लीभर झालं, की मास्तरीण गाडीत बसली की किंचाळते. मास्तरीण त्याच दुकानात मागच्या बाजूला काजं-बटणं करत बसायची. सगळं ऐकायची. शेवटी सुई खाली ठेवून एवढंच म्हणाली, “बरं. मग मी बसतच नाही.”

तीन वर्षं बसली नाही.

पुढे त्यांच्या लेकीने टेकडीपलीकडे घर केलं. तिला मूल झालं. दर रविवारी नातीला बघायला दोघांनी जायचं ठरलं, आणि दोघं जायचीही. मास्तरीण दोन बस बदलून आणि पुढे दुखऱ्या गुडघ्याने चढ चढून. मास्तर तासभर उशिरा निघून तासभर आधी पोचायचे. लेक दोनदा चहा टाकायची. वाटेत बसस्टॉपवर मास्तरीण दिसली की मास्तर गाडी हळू करायचे, हॉर्न द्यायचे. ती बसचं वेळापत्रक असं वाचत राहायची, जणू कुणाचं प्रेमपत्र आहे.

गेल्या हिवाळ्यात तिचा गुडघा एवढा सुजला की ती लेकीला म्हणाली, “आता माझं येणं काही जमत नाही गं. फोटो पाठवत जा.” मास्तर शेजारीच होते.  त्या दिवशी त्यांनी आम्हाला पॉलिश दोनदा केलं. पुरुषमाणसाचं दुःख कुठे निघेल सांगता येत नाही.

दुसऱ्या शनिवारी माझ्यातली हवा जरा कमी झाली होती. मास्तर हवा भरायला टायरच्या दुकानात आले. दुकान चालवते एक जाडजूड बाई, जाड चष्म्याची. तिने हवेची नळी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि नळी परत टांगली.

“मास्तर, ह्यात हवा नाही भरणार मी.”

“का? नवा टायर आहे.”

“नवा? हे चार आकडे वाचलेत कधी? पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. तेरा वर्षांचा घोडा आहे हा.”

“पण वापरलाय कुठे? नक्षी बघा की! ठेवणीतला आहे.”

बाईने अंगठ्याचं नख माझ्या छातीत रुतवून बघितलं. रुतलं नाही. मग नक्षीची खाच बोटाने फाकवली. आत केसाएवढ्या भेगा, ओळीने. मला अगदी उघडं पडल्यासारखं झालं. “रबर पडून पडूनही मरतं, मास्तर,” ती म्हणाली. “झिजलेला टायर निदान दिसतो तरी. हा लबाड. ओल्या रस्त्यावर हा दगड आहे दगड.”

मास्तर वाकून बघत राहिले. कापडाचा कस चिमटीत ओळखणारा माणूस. त्यांनीही नख लावून बघितलं.

“इलास्टिक,” ते पुटपुटले.

“काय?”

“काही नाही.” मग दुसऱ्या खाचेत बोट घालत, “तीन वर्षांपूर्वीही असाच असेल?”

“तेव्हा दहाचा होता की. असणारच.”

मास्तर तिथल्या जुन्या टायरांच्या चळतीवर बसले.  बाईला वाटलं चक्कर आली, तिने पाणी आणून दिलं.

मग सुरू झाली निवड. बाईने आधी रुंद, दणकट टायर दाखवले. “जुन्या गाडीला असे टाका, पहिलवान दिसेल.” मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, चाकावरची कमान मोजली आणि मान हलवली. “बगलेत दाटतंय. वळताना घासेल. दोन बोटं ढिलं हवं.” बाई टेपकडे बघतच राहिली. दुसरे होते लाखभर किलोमीटर चालणारे. मास्तर म्हणाले, “एवढा मी चालणार आहे का? आणि एवढं टिकतं ते नरम कसं असेल?” मग कोपऱ्यातून निघाले चार, अगदी आमच्याच मापाचे, चकचकीत.

“माप बरोबर आहे, पण मीच देत नाही,” बाई म्हणाली. “आठ वर्षं पडून आहेत.”

मास्तरांनी ते चार भाऊ लांबूनच बघितले. “त्यांना राहू द्या ठेवणीत.”

शेवटी तिने गोदामातून नरम जातीचे मागवले. ओल्यात रस्ता धरतात, पण लवकर झिजतात. आल्यावर मास्तरांनी जमिनीवर बसून चारही टायरांचे आकडे स्वतः वाचले. मागच्याच महिन्याचे होते.

“झिजतील हं लवकर,” बाईने पुन्हा बजावलं.

“झिजू देत. झिजायलाच घेतोय.”

आम्हा चौघांना काढून चळतीत टाकलं. म्हटलं, संपला आपला ग्रंथ. तर मास्तर म्हणाले, “डावा मागचा मला द्या.”

“कशाला?”

“बायकोला दाखवायचाय.”

त्या गाडीच्या डिकीत शिवणयंत्र मावत नाही, मी कुठला मावतो! मला मास्तरिणीच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. तेरा वर्षं गाडीखाली काढली आणि शेवटचा प्रवास साहेबासारखा. काचेतून रस्ता पहिल्यांदाच वरून पाहिला. मास्तर वाटेत माझ्याशी बोलत होते. म्हणजे, तालीम करत होते. “अगं, चूक ह्याची होती…” मग मान हलवून पुन्हा, “अगं, चूक…” पुढच्या शब्दाला हॉर्नच वाजायचा.

दारात गाडी थांबली. मास्तरीण बाहेर आली, वाकून आत बघितलं. “ही कोण सवत? पट्टा बिट्टा लावून?”

मास्तरांनी मला उतरवलं आणि तिच्यासमोर खाच फाकवली. ते काही बोलायच्या आत तिने बोटातल्या अंगुस्तानाने मला ठोकून बघितलं. टक् वाजलं. ती चाळीस वर्षं सुई चालवणारी बाई. तिला सांगावं लागलं नाही.

“गुरुजींची पँट,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मी तीन वर्षं बस धरतेय.”

“हो. तुझ्या ओरडण्याने नाही झालं ते. माझ्यामुळे झालं. आज सगळे बदललेत. उद्या नातीकडे बरोबर जाऊ?”

 मास्तरिणीने पदराने अंगुस्तान पुसलं. “माझं नाव गल्लीभर सांगताना आवाज चांगला खणखणीत होता तुमचा. आता हे कानात काय सांगताय? जा, सांगा. घराघरात. मग बघू.”

माझी बाजू इथे सांगून टाकतो. मला कुणी जपायला नको होतं. रोज दामटलं असतं, खड्ड्यांतून नेलं असतं, तर वेळेवर झिजलो असतो आणि वेळेवर गेलो असतो. तुमच्या घरात जे कुणी, जे काही ठेवणीत पडलं असेल, त्याला एकदा नख लावून बघा. एवढंच.

मास्तरांनी मला खांद्यावर घेतलं. शर्टवर काळा पट्टा उमटला. तोही ठेवणीतला शर्ट होता, पण त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पहिलं घर नर्सबाईंचं. त्या फाटकाशीच उभ्या होत्या, हातात झारी. मास्तर घसा खाकरून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नर्सबाई, तुमची शेवंती मोडली तेव्हा माझी बायको ओरडली म्हणून गाडी फिरली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. टायर कामातून गेले होते आणि ते मी बदलले नव्हते.”

नर्सबाईंनी झारी खाली ठेवली. आधी मास्तरांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे, गाडीकडे. आणि म्हणाल्या, “मला काय सांगता, भाऊ? मी खिडकीतच होते. आधी गाडी फिरली, मग वहिनी ओरडल्या. तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून तीन वर्षं थांबले होते. आता तो टायर ठेवा इथेच, आणि बाकीची घरं नंतर करा. मागे बघा जरा, त्या कधीच्या गाडीत जाऊन बसल्यात.”